दोन जकाती आणि एक रिटर्न

मार्केट यार्डाच्या फळ विभागात फक्त एकच काम करणारा माणूस शोधायला निघालात, तर बरंच हिंडावं लागेल. उदाहरणासाठी एक बागवान घेऊ. डाळिंब, मोसंबी, सीझनला आंबा असा माल तो स्वतःच्या पैशाने घेतो आणि विकतो. ओळखीच्या चार शेतकऱ्यांचा माल आला की तो गिऱ्हाईक गाठून विकून देतो आणि त्यावर कमिशन घेतो. एक टेम्पो आहे, तो स्वतःच्या मालासाठी आहेच, पण रिकामा असला की दुसऱ्याच्या भाड्यालाही जातो. पुरंदरकडे वडिलांच्या नावची दीड एकर जमीन आहे, तिथे अंजिराची थोडी झाडं आहेत. या झाल्या चार कमाया. पाचवी गोष्ट बँकेतल्या ठेवीवर जमा होणाऱ्या व्याजाची. त्याला तो कमाई मानतच नाही, कारण व्याज खायचं नाही हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं आहे.

रिटर्न भरायची वेळ आली की हा बागवान कागदांची पिशवी घेऊन सीएकडे जातो आणि पहिलाच प्रश्न येतो, “तुमचा धंदा काय?” तो म्हणतो, “फळांचा.” एवढ्या एका शब्दात चार कमाया झाकल्या जातात आणि पाचवीचं नावही निघत नाही.

चूक एकट्या बागवानाची नाही. माणसाला त्याचा पेशा विचारायचा आणि पेशावरून कर ठरवायचा ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. माणसाला त्याची सगळी मिळकत एकत्र विचारणं हे त्या मानाने अगदी अलीकडचं. हा बदल कसा झाला ते समजलं, तर रिटर्नच्या फॉर्मची भीतीही थोडी कमी होईल आणि त्यातला खरा पेचही कळेल.

एक शब्द, दोन अर्थ

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. मराठी मुसलमानाच्या घरात ‘जकात’ म्हटलं की रमजान आठवतो. घरातलं सोनं-चांदी, रोकड, दुकानातला माल, लोकांकडची वसूल होणारी उधारी, हे सगळं आपणच मांडायचं, देणी वजा करायची. जे उरेल ते निसाबाच्या वर असेल आणि त्यावर चांद्र वर्ष उलटलं असेल, तर शेकडा अडीच काढून हक्कदारांना द्यायचं. दारात कुणी तपासनीस येत नाही. हिशोब माणसाचा आणि साक्षी अल्लाह.

शेजारच्या मराठी हिंदू घरात त्याच शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे जकात म्हणजे नाका. शहरात माल शिरताना गाडी थांबवायची, गोण्या मोजायच्या, पावती फाडायची. सुलतानी अमलात बंदरांवर आणि नाक्यांवर व्यापाऱ्यांकडून जी वसुली होई तिला हा शब्द लागला, फारसी कारभारातून तो मराठीत उतरला आणि इथेच राहिला. पुणे महापालिका २०१३ पर्यंत ही जकात घेत होती. मार्केट यार्डात माल आणणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना ते नाके अजून आठवतात.

एकाच अरबी शब्दातून कर मोजण्याच्या दोन तऱ्हा आपल्या भाषेत आल्या. नाक्यावरची जकात माणसाला बाहेरून मोजते. तुमच्या गाडीत काय दिसतं तेवढंच तिला कळतं. रमजानची जकात माणसाला आतून विचारते. राज्यकर्त्यांच्या करांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास या दोन तऱ्हांमध्येच हेलकावे खात आलेला आहे.

मोहतर्फा

इंग्रजांच्या आधी शेतकऱ्याकडून जमिनीचा सारा घेतला जाई आणि जो शेती करत नसे, त्याच्याकडून मोहतर्फा. अरबीत ‘हिरफा’ म्हणजे हुन्नर किंवा कारागिरी, आणि पेशा करणारा तो ‘मुहतरिफ’. मुसलमानी राजवटींतला हा शब्द पेशवाईच्या दप्तरातही सुखाने नांदला. कोष्ट्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचं दुकान असं काही दिसलं की त्यावर ठरावीक रक्कम बसे. त्याच्या जोडीला घरपट्टी, बाजारात बसण्याबद्दल बाजारबैठक, वजनमापांवर शिक्का मारून घेण्याची बटछपाई. नवी पेठ वसवायची असली की व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षं हे कर माफ करत. पुण्याच्या पेठा अशाच भरत गेल्या.

आपल्यातल्या बहुतेक आडनावांचा जन्म याच जगातला. बागवान, आतार, तांबोळी, मणियार, मोमीन, पिंजारी, शिकलगार ही आडनावं म्हणजे पेशांची यादी आहे. कर वसूल करणाऱ्याला माणूस ओळखायला नाव पुरे होत असे. आतार म्हटलं की अत्तर, तांबोळी म्हटलं की विड्याची पानं.

पण त्या काळीही माणूस एका कामावर जगत नव्हता. गावगाड्यातला मुलाणी बघा. मशिदीची आणि पिराची सेवा त्याच्याकडे, सणाला-जत्रेला बकरं हलाल करण्याचं काम त्याचं, त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळे आणि काही ठिकाणी थोडी इनाम जमीनही असे. ही कामं आणि हे मोबदले वेगवेगळ्या जातीचे, आणि त्यांची बेरीज कुठल्याच कागदावर होत नसे. मोहतर्फ्याला त्या बेरजेची गरजही नव्हती, कारण तो कर पेशाच्या खुणेवर होता. कोष्ट्याचं सूत महागलं, कापड पडून राहिलं, घरात दुखणं आलं, हे त्या करात आपोआप दिसत नसे. सूट हवी तर विनंती करावी लागे.

मुंबई इलाख्यात मोहतर्फा १८४४ मध्ये बंद झाला. त्याची आणि शहरांमधल्या जुन्या करांची भरपाई म्हणून कंपनी सरकारने मिठाचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. कारागिराच्या मागावरचा कर गेला, पण गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या चुलीवरचा कर वाढला. बाहेरून मोजणाऱ्या करांत हा दोष कायम राहतो. खूण मोजायला सोपी असते, पण ती खूण बाळगणाऱ्याची ऐपत तिच्यात लिहिलेली नसते.

साहेबाने मिळकत विचारली

१८५७ च्या उठावाने इंग्रज सरकार कर्जात बुडालं. ते निस्तरायला लंडनहून जेम्स विल्सन आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढणारे हेच गृहस्थ. त्यांनी फेब्रुवारी १८६० मध्ये अंदाजपत्रक मांडलं आणि २४ जुलै १८६० पासून हिंदुस्थानात पहिला आयकर लागू झाला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा दोन, त्याच्या वर शेकडा चार. विल्सन ऑगस्टमध्येच कलकत्त्याला आजारपणात वारले, पण त्यांचा कर राहिला.

लोकांना रक्कम खटकली, पण त्याहून जास्त खटकला तो प्रश्न. आजवर सरकारने ‘तू काय करतोस’ असं विचारलं होतं. आता ते विचारत होतं, ‘तू किती मिळवतोस, लिहून दे.’ घरची मिळकत परक्याला सांगणं इथे कुणालाच रुचणारं नव्हतं. विरोध सरकारच्या आतूनही झाला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराविरुद्धचं मत जाहीर केलं आणि त्यापायी त्यांना माघारी बोलावलं गेलं. १८६५ मध्ये हा कर संपला.

पुढची वीस वर्षं सरकार चाचपडत राहिलं. १८६७ ला लायसन्स कर, १८६८ ला सर्टिफिकेट कर, १८६९ ला पुन्हा आयकर, १८७३ ला तोही रद्द. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खन होरपळली. पुढच्या दुष्काळासाठी निधी हवा म्हणून १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर लायसन्स कर बसला. यातला अन्याय ठळक होता. छोटा कारागीर कर भरत होता आणि मोठ्या पगाराचा सरकारी अधिकारी किंवा नामांकित वकील त्यातून सुटला होता. सुरतेत पुन्हा दंगा झाला. १८८० मध्ये वर्षाला ५०० रुपयांच्या खालच्यांना या करातून वगळण्यात आलं. एका अर्थाने लायसन्स कर हा मोहतर्फ्याचाच नवा अवतार होता.

१८८६ चा कायदा आला आणि आयकर कायमचा राहिला. आता पगारदार, पेन्शनर, कंपन्या, वकील, व्यापारी सगळे त्यात आले. शेतीची मिळकत वगळली, कारण शेतकरी सारा भरतच होता. ती वगळणूक आजपर्यंत चालत आली आहे. मात्र व्यापाऱ्याची मिळकत ठरवायची ती कलेक्टरनेच. त्याने यादी करायची, रक्कम लावायची आणि ज्याला ती पटत नसेल त्याने अर्ज घेऊन जायचं. प्रश्न मिळकतीचा होता, पण उत्तर अजून बाहेरचाच माणूस लिहीत होता.

त्याच १८८६ साली पुण्यात शुक्रवार पेठेतली नवी मंडई उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट झाली. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. आपल्या विषयाच्या दृष्टीने फुल्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते कुणाचे पगारी नोकर म्हणून जगले नाहीत. बांधकामाची कंत्राटं, धातूचे साचे पुरवण्याचा व्यवसाय आणि मांजरीची शेती, अशा अनेक कामांवर त्यांचं घर आणि त्यांचं सार्वजनिक कार्य चाललं. आजच्या बागवानासारखीच त्यांचीही कमाई एका शब्दात मावणारी नव्हती.

१९१८: बेरजेचा कायदा

आपल्या प्रश्नातलं सगळ्यात मोठं वळण १९१८ मध्ये आलं. पहिल्या महायुद्धाने सरकारला पैसा हवा होता. तोवर प्रत्येक मार्गाच्या मिळकतीवर वेगळा वेगळा कर बसे. एखाद्याचा पगार एका बाजूला, दुकान दुसऱ्या बाजूला, रोख्यांचं व्याज तिसरीकडे. ज्याची मिळकत चार ठिकाणी विभागलेली असे, त्याचा दर खालचाच राहत असे. १९१८ च्या कायद्याने सांगितलं की दर ठरवताना सगळ्या मार्गांच्या मिळकतीची बेरीज धरायची. त्याबरोबरच आपल्या मिळकतीचं विवरण माणसाने स्वतः लिहून देण्याला महत्त्व आलं. १९२२ च्या कायद्याने आदल्या वर्षाच्या मिळकतीवर कर ही रीत बसवली आणि दर दरवर्षीच्या वित्त कायद्यावर सोपवले.

आज ज्याला आपण साइड इन्कम म्हणतो, ती कायद्याच्या नजरेत अशी आली. मोहतर्फा मागाकडे बघत होता, लायसन्स कर दुकानाकडे, आणि १९१८ पासून कायदा माणसाकडे बघू लागला. पेशे कितीही असोत, नाव एक आणि बेरीज एक.

हे न्यायाचं होतं का? माझ्या मते होतं. सालभर एका मागावर राबणारा आणि एका मागासोबत तीन घरांचं भाडं खाणारा, या दोघांना मोहतर्फ्याने सारखंच मोजलं असतं. बेरजेने त्यांच्यातला फरक दिसला. पण या न्यायाची एक किंमत होती. बेरीज करायची तर प्रत्येक कमाईची वही हवी. ज्याचा सगळा व्यवहार तोंडी आणि रोखीने चालतो, त्याच्यापुढे कायद्याने नवाच पेच टाकला.

गुलटेकडीचा यार्ड आणि नवे मोहतर्फे

स्वातंत्र्यानंतर पुण्याचा घाऊक व्यापार नाना पेठ, भवानी पेठेच्या गल्ल्यांमध्ये मावेनासा झाला आणि पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला. फळं, तरकारी, कांदा-बटाटा, भुसार, गूळ, फुलं, सगळ्यांचे विभाग झाले. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली आडत्यांना परवाने आले, बाजार फी आली, शेतकऱ्याला विक्रीची पट्टी देणं आलं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पाठीवर ओझं वाहणाऱ्यांना संघटित केलं आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी कागदावर आणली. तोंडी चालणारा बाजार हळूहळू लिहिला जाऊ लागला.

आयकरातही तेच होत होतं. १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. शेतीची मिळकत करमुक्तच राहिली, पण के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ मध्ये एक नवी रीत आली. ज्याला शेतीशिवाय दुसरी करपात्र मिळकत आहे, त्याची शेतीची मिळकत पाच हजारांच्या वर असेल तर ती दर ठरवण्यापुरती बेरजेत धरायची. शेतीच्या पैशावर कर नाही, पण त्या पैशामुळे बाकीच्या मिळकतीचा दर वर चढू शकतो.

छोट्या दुकानदाराला वही ठेवणं जमत नाही, हे सरकारलाही कळत होतं. म्हणून १९९२ मध्ये एक सोपी योजना आली. वर्षाची उलाढाल पाच लाखांच्या आत आणि मिळकत पस्तीस हजारांच्या आत असलेल्या किरकोळ विक्रेत्याने सरळ १४०० रुपये भरावेत. दुकान दिसलं की ठरलेली रक्कम! दीडशे वर्षांनी मोहतर्फा परत आला होता. ती योजना फार टिकली नाही. त्यानंतर मोठ्या शहरांत नियम झाला की टेलिफोन, मोटार, परदेश प्रवास, क्रेडिट कार्ड अशा खुणांपैकी एक जरी असेल तरी रिटर्न भरा. ही पुन्हा नाक्यावरचीच नजर. २००६ मध्ये तोही नियम गेला.

त्या सगळ्यातून तगून राहिली ती अनुमानित उत्पन्नाची पद्धत, म्हणजे कलम ४४एडी. आज तिचं रूप असं आहे: दोन कोटींपर्यंत उलाढाल असेल (रोखीची जमा शेकडा पाचच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत), तर सविस्तर वह्या न ठेवता रोखीच्या विक्रीवर किमान शेकडा आठ आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान शेकडा सहा एवढा नफा दाखवता येतो. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. एकदा ही वाट धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षं ती बंद होते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा कायदा येतो, कलमांचे आकडे बदलतात, ‘करवर्ष’ असा सुटसुटीत शब्द येतो. अनुमानित उत्पन्नाची पद्धत मात्र त्यातही आहे.

आता आपल्या बागवानाचं काय?

त्याच्या पाच गोष्टी एकेक करून लावून बघू.

स्वतःच्या पैशाने घेतलेला आणि विकलेला माल हा धंदा. एखाद्याने शेतकऱ्याची उभी बाग, म्हणजे झाडावरचा बहार, विकत घेतला आणि फळं उतरवून विकली, तरी तो त्याच्यासाठी धंदाच आहे. ज्याने झाड लावलं आणि वाढवलं त्याची ती शेती, बहार विकत घेणाऱ्याची नव्हे.

टेम्पोच्या भाड्यासाठी वेगळी सोय आहे, कलम ४४एई. दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, तर हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये किमान नफा धरायचा, म्हणजे सालाचे ९०,००० रुपये. गाडी महिनाभर दारात उभी असली तरी ती रक्कम धरावी लागते. मोहतर्फ्याची आठवण येते ती इथे.

पुरंदरची अंजिरं शेतीच्या रकान्यात जातील, वर सांगितलेल्या रीतीने.

खरा पेच कमिशनचा आहे. मार्केट यार्डात तो घरोघरी असतो आणि त्याच्याबद्दल बोललं फार कमी जातं. ४४एडीची सोय दलाली किंवा कमिशन कमावणाऱ्याला आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्याला मिळत नाही. इथे कायद्याची शब्दरचना नीट वाचायला हवी. ती सोय ‘कमिशनच्या उत्पन्नाला’ नाही असं कायदा म्हणत नाही. कमिशन मिळवणाऱ्या ‘व्यक्तीला’ ती नाही असं म्हणतो. म्हणजे आडत्याला ती नाहीच, पण जो बागवान मुख्यतः स्वतःचा माल विकतो आणि जोडीला चार शेतकऱ्यांच्या मालावर कमिशन घेतो, त्याची स्वतःच्या मालापुरती सोयही त्या छोट्या कमिशनने धोक्यात येते. त्याने रीतसर वह्या ठेवाव्यात आणि आयटीआर-३ भरावा, हा सुरक्षित मार्ग. १९१८ मध्ये कायद्याची नजर पेशावरून माणसावर गेली, तिचा काच आज गुलटेकडीच्या गाळ्यावर असा जाणवतो. “आमचा फळांचा धंदा” या उत्तरात हेच कमिशन दडून बसतं.

राहिलं व्याज. आपल्यातले बरेच लोक बँकेचं व्याज स्वतःवर खर्च करत नाहीत. ते वेगळं काढतात आणि सवाबाची अपेक्षा न धरता एखाद्या गरजवंताला देऊन टाकतात. ही त्यांच्या दीनाची बाब आहे आणि तिचा आदरच करायला हवा. पण त्या रकमेचं पुढे काय केलं हे कायदा विचारत नाही, ती तुमच्या नावावर जमा झाली का एवढंच विचारतो. दिलेलं व्याजही मिळकतीत दाखवावं लागतं. मान्यताप्राप्त संस्थेला दिलं असेल आणि तुम्ही जुनी करपद्धत निवडली असेल, तर देणगीची वजावट मिळू शकते. ओळखीच्या गरजवंताच्या हातात दिलं असेल तर मिळत नाही. “आम्ही व्याज खातच नाही” हे वाक्य खरं असूनही रिटर्नमध्ये तो रकाना कोरा सोडता येत नाही. शिवाय २०२१ पासून खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, बँकेने कळवलेलं व्याज आधीच उतरलेलं असतं. नाका परत आला आहे, फक्त आता तो दिसत नाही. म्हणून आतून दिलेलं उत्तर आणि बाहेरून मोजलेला आकडा जुळवून बघण्याचं काम आता आपल्यावर आलं आहे.

आणखी एक गैरसमज. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. पण तिथे कर शून्य होतो तो सवलतीमुळे. करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे. बेरीज चार लाखांच्या वर गेली की भरायचा कर शून्य असला तरी रिटर्न भरावा लागतो. धंद्याची उलाढाल साठ लाखांच्या वर असेल, तर मिळकत कमी असली तरीही भरावा लागतो. फळांच्या घाऊक धंद्यात नफा थोडा आणि उलाढाल मोठी असते, म्हणून ही दुसरी अट इथे पुष्कळांना लागू पडते.

कागदाची किंमत

कर लागत नसेल तर रिटर्नचा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर इतिहासातलंच आहे. शेकडो वर्षं आपल्या पेशांबद्दल जे लिहिलं गेलं ते दुसऱ्यांनी लिहिलं. मोहतर्फ्याच्या याद्या कारकुनाने केल्या, १८८६ नंतरच्या याद्या कलेक्टरच्या कचेरीत झाल्या. रिटर्न हा असा कागद आहे ज्यात बागवान, आतार किंवा तांबोळी स्वतःच्या नावाखाली स्वतःच्या मिळकतीबद्दल स्वतः लिहितो.

त्या कागदाची गरज कधी पडेल हे सांगता येत नाही. घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँक स्वतःचा धंदा असणाऱ्याकडे मागच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. कमी दाखवलेली मिळकत तिथेही कमीच दिसते. पहाटे माल आणताना घाटात टेम्पोला अपघात झाला आणि कर्ता माणूस गेला, तर भरपाई ठरवताना न्यायाधिकरण पहिल्यांदा त्याची मिळकत विचारतं. रिटर्न असेल तर तो भक्कम पुरावा ठरतो. नसेल तर अंदाज बांधला जातो आणि पुष्कळदा तो किमान वेतनाच्या आसपास येऊन थांबतो. चार कमायांवर घर चालवणारा माणूस कागदावर एका मजुराएवढा उरतो आणि ते नुकसान त्याच्या बायकामुलांचं होतं.

वही ठेवायची सवय आपल्याला नवी नाही. रमजानमध्ये जो घरातलं तोळाभर सोनंही हिशोबात धरतो, ज्याला उधारीतली येणी आणि बुडीत रक्कम वेगळी काढता येते, त्याला रिटर्नचा हिशोब जड जाऊ नये. फरक एवढाच की जकात वर्षभर टिकून राहिलेल्या मालमत्तेवर असते आणि तिचं वर्ष चंद्राचं, तर आयकर वर्षाच्या मिळकतीवर असतो आणि त्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. एक दिली म्हणून दुसरी चुकत नाही. दोन्हींना लागणारा प्रामाणिकपणा मात्र एकच आहे.

म्हणून १ एप्रिलला एक साधी वही घ्यावी आणि तिचे पाच भाग करावेत: स्वतःचा माल, कमिशन, गाडीभाडं, शेती, व्याज. रोज रात्री गाळा बंद करताना त्या त्या भागात दोन ओळी लिहाव्यात, पट्ट्या आणि पावत्या मागे टाचून ठेवाव्यात. सालाच्या शेवटी ती वही सीएपुढे ठेवली की ‘तुमचा धंदा काय’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यावं लागणार नाही. व्याजाच्या भागात सालभरात चारच ओळी होतील, त्याही लिहाव्यात.